फाटकाबाहेरचे पाणी

इमारतीच्या परवानगीसाठी महापालिकेत नकाशांचा जो गठ्ठा जातो, त्यात एक पान असे असते की त्याच्याकडे घर घेणारा पाहत नाही आणि बांधणाराही फारसा पाहत नाही. त्यावर भूखंडाच्या कडेकडेने एक तुटक रेघ काढलेली असते. ती पावसाळी गटाराची. थोड्या थोड्या अंतरावर छोटे चौकोन, म्हणजे चेंबर. ही रेघ फिरत फिरत फाटकापाशी येते, तिथे एक बाण काढलेला असतो आणि बाणाशेजारी लिहिलेले असते, ‘सार्वजनिक पावसाळी गटारास जोडणे’. नकाशा तिथे संपतो. पुण्यात आणि आसपास तीसेक वर्षे स्थापत्य अभियंता म्हणून काम करताना असे बाण मी पुष्कळ काढले आहेत. तो बाण पुढे कुठे जातो आणि आपले नियम त्याला काय विचारतात, एवढाच या लेखाचा विषय आहे. पावसावर आपल्याकडे जितकी कविता झाली तितकी नियमावली झालेली नाही. पण जी आहे ती वाचण्याजोगी आहे.

आधी थोडे गणित, कारण त्यावाचून पुढचे काही कळणार नाही. भूखंडावरून किती पाणी वाहील हे काढायचे जगभर चालणारे सूत्र फार जुने आणि फार साधे आहे. आयर्लंडमधल्या मलवनी नावाच्या अभियंत्याने १८५१ मध्ये त्याची कल्पना मांडली, आणि १८८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहराच्या गटारांसाठी क्युइकलिंगने ती वापरात आणली. पावसाचा जोर, जमिनीचे क्षेत्रफळ आणि एक गुणांक, या तिघांचा गुणाकार. पाऊस आभाळाच्या हातात, क्षेत्रफळ सातबाऱ्यावर. माणसाच्या हाताने बदलतो तो फक्त गुणांक. पडलेल्या पाण्यापैकी किती हिस्सा वाहून जाणार, हे तो सांगतो. गवताळ माळरानाला किंवा झाडी असलेल्या शेताला साधारण ०.३ धरतात. छप्पर, काँक्रीट, फरशी यांना ०.९.

आता एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर माळ घ्या. ताशी ५० मिलिमीटरचा पाऊस पडतो आहे. पुणेकराने दर पावसाळ्यात एकदोनदा पाहिलेला, छत्री निरुपयोगी करणारा पाऊस. माळावरून सेकंदाला सुमारे ४२ लिटर पाणी बाहेर पडेल. त्याच जागेवर इमारती, रस्ते, पार्किंग झाले की सेकंदाला १२५ लिटर. लिटर डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत, टँकर राहतात. दहा हजार लिटरचा टँकर पूर्वी दर चार मिनिटांनी फाटकाबाहेर रिकामा होत होता. आता तो दर ८० सेकंदांनी होतो. (मे महिन्यात त्याच फाटकातून तोच टँकर विकत आत येतो, हा विषय वेगळा, पण अगदी वेगळाही नाही.)

एका फाटकाने काही बिघडत नाही. डोंगरउतारावर अशी १०० हेक्टर जमीन बांधली गेली की खालच्या ओढ्यात सेकंदाला ८,००० लिटरहून अधिक जादा पाणी उतरते. सगळी फाटके एकाच क्षणी ओतत नाहीत, त्यामुळे आकडा थोडा कमी होईल. पण त्याचा पल्ला बदलत नाही. आणि हे सगळे एकही नियम न मोडता होऊ शकते. पुराच्या बातम्यांत ‘अतिक्रमण’ आणि ‘अनधिकृत’ हे दोन शब्द इतक्या वेळा येतात, की पूर फक्त बेकायदा बांधकामांमुळेच येतो असा आपला समज होऊन बसला आहे. ओढ्यात घुसलेल्या भिंती आहेतच, त्यांचा बचाव मला करायचा नाही. पण मंजूर नकाशाचे, भोगवटापत्र मिळालेले, सर्व शिक्के असलेले पाणीही त्याच ओढ्यात येत असते, आणि त्याची बातमी कधी होत नाही.

या गुणांकाची एक सरकारी कबुली मुंबईच्या कागदपत्रांत आहे. मुंबईची जुनी पावसाळी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, तेही समुद्राला ओहोटी असेल असे धरून, बांधलेली होती; आणि त्या हिशेबात गुणांक होता ०.५. म्हणजे शहरावर पडलेला निम्मा पाऊस जमीन पिऊन टाकेल हा भरवसा. १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ हा अहवाल आला, त्याने पावसाचा आकडा ५० केला आणि गुणांक केला १.०. जमीन काहीही पिणार नाही, पडेल तो थेंब वाहील. एका शहरात माती उरलेली नाही हे इतक्या कमी शब्दांत दुसऱ्या कुणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. पुढे बारा वर्षांनी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला त्याच दिवशी जेमतेम ७४. त्यानंतर अहवालातल्या कामांना गती आली. पण ती कामे नळ मोठे करण्याची, नाले रुंद करण्याची, पंप बसवण्याची होती. पाणी आधी सोडायचे आणि मग त्याच्या मागे धावायचे, ही रीत तशीच राहिली.

गटार किती मोठे असावे याचेही एक शास्त्र आहे, आणि त्यात एक गंमत दडलेली आहे. केंद्र सरकारच्या तांत्रिक नियमपुस्तिकेत १९९३ पासून असे कोष्टक होते: शहराच्या कडेच्या निवासी भागात गटार वर्षातून दोनदा तुंबले तरी चालेल; मध्यवर्ती आणि तुलनेने महागड्या निवासी भागात वर्षातून एकदा; व्यापारी आणि महागड्या भागात दोन वर्षांतून एकदा. जागेच्या भावाप्रमाणे तुंबण्याचा हक्क वाटून दिलेला होता. हिशेबाच्या दृष्टीने त्यात चूक नाही, नुकसान जिथे जास्त तिथे खर्च जास्त. २०१९ च्या नव्या पुस्तिकेने हे निकष बरेच कडक केले. मात्र जमिनीखालचे नळ जुन्याच निकषांचे आहेत, आणि त्यांच्या तोंडाशी आपले नवे बाण जोडले जात आहेत.

आता नियमांकडे वळू. मुंबई आणि आणखी काही अपवाद सोडले तर महाराष्ट्रभर डिसेंबर २०२० पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. पाण्याच्या बाबतीत ती बांधकाम करणाऱ्याकडून जे मागते ते स्थूलमानाने सांगतो. नदीच्या पूररेषा पाळा: २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, निळीच्या आत बांधकामाला जवळजवळ बंदी, दोहोंच्या मध्ये जोते लाल रेषेच्या वर ठेवून परवानगी. ओढ्यानाल्यापासून ठरावीक अंतर सोडा. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा भूखंड असेल तर पावसाचे पाणी साठवा किंवा जिरवा. ४,००० चौरस मीटर किंवा अधिक जमीन असेल तर दहा टक्के खुली जागा ठेवा. यातली एकही अट निरर्थक नाही, आणि त्या मुळीच नसत्या तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

तरी दोन ठिकाणी थांबायला हवे.

पहिले ठिकाण ओढ्याचे. सखल जमिनीतून जाणारा लहान प्रवाह असेल, त्याला ठळक काठ नसतील, तर प्राधिकरणाच्या परवानगीने तो त्याच जमिनीत वळवता किंवा आवळता येतो; अट अशी, की तो जिथून आत येतो आणि जिथून बाहेर जातो त्या जागा बदलायच्या नाहीत. ऐकायला न्याय्य वाटते. वरच्या शेजाऱ्याचे पाणी अडत नाही, खालच्याला नव्या जागी पाणी येत नाही. पण ज्याने असा ओहोळ पावसात पाहिला आहे त्याला माहीत असते, की ‘ठळक काठ नसणे’ हेच त्याचे काम आहे. तो पसरतो. गवतात, दगडांत, खाचरांत अडखळत, अर्धा मुरत, रमतगमत खाली जातो. त्याला काँक्रीटच्या चौकोनी मोरीत घातले की आत येण्याची जागा तीच, बाहेर जाण्याची तीच, फक्त मधला वेळ नाहीसा होतो. नियम दोन बिंदू मोजतो, घड्याळ लावत नाही. आणि पुराचे खरे दुखणे घड्याळातच असते: वेगवेगळ्या उतारांवरचे पाणी खाली एकाच वेळी पोहोचले की पूर, मागेपुढे पोहोचले की भरलेला ओढा.

दुसरे ठिकाण साठवणुकीचे, आणि इथे सुशिक्षितांचाही घोटाळा होतो. पावसाचे पाणी साठवण्याची टाकी आणि पूर टाळण्याची टाकी या एकच, असे समजले जाते. त्या एकमेकींच्या सवती आहेत. साठवणुकीची टाकी भरलेली असली तर कामाची. पूर अडवणारी रिकामी असली तर कामाची. पहिली जुलैच्या मध्यावर काठोकाठ भरते, आणि तिथून पुढे पडणारा प्रत्येक थेंब सांडव्यातून थेट त्या बाणाकडे जातो. पुण्यासारख्या ठिकाणी मोठी झड पुष्कळदा सप्टेंबरात येते. तोवर टाकी भरलेली, माती भिजलेली. जिरवण्याच्या खड्ड्याचेही तसेच. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांच्या मर्जीने उतरते. शिवाय खड्ड्यातली खडी दोनतीन पावसाळ्यांत गाळाने बसते आणि ती उपसायची हे सोसायटीच्या कार्यकारिणीला कुणी सांगितलेले नसते. भूजलासाठी हे सगळे करावेच. पण त्याने पूर कमी होईल अशी आशा धरणे म्हणजे पिठाची गिरणी लावून कपडे धुतले जातील असे मानणे.

खुल्या जागेबद्दलही एक शब्द. नकाशावर हिरवा रंग दिसला की खाली माती असेलच असे नाही. तळघरात दोन मजले पार्किंग, त्यावर स्लॅब, स्लॅबवर दीड फूट माती आणि तिच्यावर हिरवळ: पहिल्या पाऊण तासात ती माती भरते, मग ती बाग आणि गच्ची यांत पाण्याला फरक करता येत नाही. मुंबईच्या एका प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मनोरंजनाची आवश्यक खुली जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर दाखवून चालणार नाही, असा निकाल दिला होता. तिथे विचार माणसांच्या मोकळ्या हवेचा होता. पाण्याची बाजू मांडायला कुणी वकील नव्हता.

एवढ्या सगळ्या अटींत एक प्रश्न नाही. तो असा: बांधण्याआधी या जमिनीवरून जास्तीत जास्त किती वेगाने पाणी बाहेर जात होते, आणि बांधल्यावर किती वेगाने जाणार आहे? बांधकामाचे क्षेत्र २०,००० चौरस मीटरच्या पुढे गेले की पर्यावरण मंजुरी लागते आणि तिथे पावसाच्या पाण्याचा हिशेब मांडावा लागतो. पण शहरे बहुतांशी त्याहून लहान कामांनी भरतात.

हा प्रश्न परका आहे असे वाटेल, तर तसे नाही. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा उघडून पाहा. नैसर्गिक प्रवाहाकाठच्या जमीनमालकाचा हक्क सांगताना तो म्हणतो, की आपल्या हद्दीतून जाणाऱ्या प्रवाहाचे प्रमाण, दिशा, जोर आणि तापमान यांत दुसऱ्याने लक्षणीय बदल करू नये. जोर हा शब्द तिथे आहे. त्याच कलमात असेही आहे, की वरच्या जमिनीवर पडलेले, ठरावीक पात्रातून न वाहणारे पाणी खालच्या जमिनीकडे ‘नैसर्गिकपणे’ जाऊ देण्याचा वरच्याचा हक्क खालच्याने मानावा. सगळी मेख त्या क्रियाविशेषणात आहे. छपरांवरचे पाणी नळांतून एका तोंडाशी आणून सोडणे हे नैसर्गिकपणे जाणे नव्हे. गावाकडे पन्हळीचे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडले तर पिढ्यान्पिढ्या भांडणे चालतात. हजार पन्हळी एका नळात घालून ओढ्यात सोडल्या तर भांडायला समोर कुणी सापडत नाही.

याची किंमत कुठे मोजली जाते ते पाहायला पुण्यातला आंबिल ओढा पुरेसा आहे. कात्रजच्या डोंगरात उगम, तिथून अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल अशा वाटेने मुठेकडे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात याच ओढ्यावर कात्रजला तलाव बांधून पाणी जमिनीखालच्या नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले. पुढे पर्वतीच्या पायथ्याशी ओढा अडवून तळे केले गेले आणि शहरातून जाणारा त्याचा प्रवाह वळवला गेला. आजचे सारसबाग म्हणजे ते तळे. ओढा वळवण्याची कल्पना काही आजच्या विकासकांची नाही. फरक एवढा, की पेशव्यांनी ओढ्याकडून वाट काढून घेतली तेव्हा त्याला बसायला जागा दिली. कात्रजचे तलाव आणि पर्वतीचे तळे ही दोन्ही, आजच्या भाषेत, पाणी थोपवणारी टाकी होती. त्यातले एक बाग झाले. वरचे डोंगरउतार वस्तीने भरले. मधल्या ओढ्याला भिंती आल्या.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या पाणलोटात जोराचा पाऊस झाला. तळी आणि जमीन आधीच भरलेली. ओढ्याचे पाणी काठच्या सोसायट्यांच्या पहिल्या मजल्याला भिडले, मोटारी एकमेकींवर चढल्या. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. शहर आणि परिसर मिळून मृतांचा आकडा वीसच्या वर गेला. त्यानंतर चर्चा झाली ती ओढ्याकाठच्या लोकांची: ते तिथे का राहतात, कधीपासून राहतात, त्यांची कागदपत्रे कुठे आहेत. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळच्या ओढ्याकाठच्या घरांवर भर पावसाळ्यात पाडापाडीची कारवाई झाली. वरच्या उतारावर राहणाऱ्यांना, तुमच्या गच्चीवरून त्या रात्री सेकंदाला किती लिटर निघाले, असे कुणी विचारले नाही. विचारणार कसे? तो रकानाच नव्हता. त्या लोकांना दोषी धरावे असे मी म्हणत नाही. त्यांनी पैसे मोजून मंजूर घर घेतले होते. पण उतारावरच्याला भोगवटापत्र आणि तळाच्याला नोटीस, अशी वाटणी ज्या हिशेबातून निघते त्या हिशेबात एक ओळ गाळलेली आहे, हे दिसल्यावाचून राहत नाही.

ती ओळ भरणारी शहरे आहेत. सिंगापूरने जानेवारी २०१४ पासून ०.२ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या बांधकामाला, पुनर्विकासालाही, आपल्या जागेवरचे पाणी सार्वजनिक गटारात जाण्याआधी मंद करणे बंधनकारक केले. कसे करायचे ते त्याने ठरवावे, टाकीने किंवा तळ्याने किंवा बागेतल्या खोलगट भागाने; बाहेर पडणाऱ्या पाण्याची कमाल मर्यादा मात्र ठरलेली. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात १५,००० चौरस फुटांहून अधिक जमीन उकरणाऱ्या कामाला पहिले दीड इंच पावसाचे पाणी स्वतःच सांभाळावे लागते. शिवाय पावसाळी गटाराचे बिल तिथे पाणी न मुरणाऱ्या फरशीच्या क्षेत्रफळावर येते. काँक्रीट फोडून माती केली की बिल उतरते. आपल्याकडे वाहनतळाला पेव्हर ब्लॉक बसवले की सोसायटीला सुधारणा झाल्यासारखी वाटते.

एवढ्यासाठी लागते काय? मघाच्या एक हेक्टर जागेचा हिशेब पुढे नेऊ. तासभर ताशी ५० मिलिमीटर पाऊस पडला तर बांधलेल्या जागेवरून साडेचार लाख लिटर पाणी निघेल. त्यातले दीड लाख तर माळ असतानाही गेलेच असते. धरून ठेवायचे राहिले तीन लाख. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, तीन मीटर खोल अशी टाकी. भूखंडाच्या एक टक्का जागा, तीही वाहनतळाखाली चालते. तिच्या तळाशी एक भोक. वर दोन मीटर पाणी उभे असताना सेकंदाला ४२ लिटर सोडायचे तर त्याचा व्यास साधारण १२ सेंटिमीटर, म्हणजे सोललेल्या नारळाएवढे. टाकी ओढ्याच्या पातळीहून वर बसवता आली तर पंप नको, वीज नको, बटण दाबायला माणूस नको. पाऊस जोरात असताना पाणी टाकीत चढते, ओसरल्यावर काही तासांत आपसूक उतरते, आणि पुढच्या सरीला टाकी रिकामी असते.

यावर आक्षेप आहेत आणि ते सगळे बिल्डरांचे नाहीत. टाकीचा खर्च शेवटी घराच्या किमतीत चढेल, हे खरे. ते भोक पालापाचोळ्याने बुजेल आणि पाहायला कुणी जाणार नाही, हे त्याहून खरे. अभियंत्यांचा आक्षेप सर्वांत बारीक आहे: ओढ्याच्या तळाकडच्या भूखंडांनी पाणी थोपवून उशिरा सोडले, तर ते वरून येणाऱ्या लोंढ्याला नेमके जाऊन मिळण्याचा धोका असतो, तिथे पाणी लवकर जाऊ देणेच कदाचित शहाणपणाचे. म्हणजे एकच अट सगळ्या शहराला लावून भागत नाही. ओढ्याचा पूर्ण पाणलोट धरून, वरच्याने किती थांबवायचे आणि खालच्याने किती, हे मांडावे लागते. तसा नकाशा महापालिकेनेच करायला हवा, एकट्या भूखंडाच्या अभियंत्याला तो करता येत नाही. नदीला पूररेषा आखली जाते. ओढ्यांच्या नशिबी बहुधा तीही नसते, आणि गावनकाशावर ज्या ओघळींना रेघच नाही त्यांच्यासाठी अंतर सोडायचा प्रश्नच व्यवहारात उद्भवत नाही.

काही वर्षांपूर्वी एका लहान गावाच्या हद्दीत, टेकडीच्या उतारावरच्या एका गृहप्रकल्पासाठी मी अशी टाकी आखली. खाली शेते होती आणि मालकाचे शेजाऱ्यांशी संबंध चांगले होते, म्हणून तो तयार झाला. नकाशे तपासणाऱ्या तरुण अभियंत्याने ते पान बराच वेळ पाहिले. कल्पना त्याला आवडली होती, तसे तो म्हणालाही. मग त्याने विचारले, “पण सर, ही दाखवायची कुठल्या रकान्यात?” पिण्याच्या पाण्याची टाकी होती, अग्निशमनाची होती, पर्जन्यजल साठवणुकीची होती. रिकामी ठेवायच्या टाकीला रकाना नव्हता. शेवटी ती साठवणुकीच्या रकान्यात गेली, मंजुरी मिळाली, टाकी बांधली गेली. मध्यंतरी तिकडे गेलो होतो तेव्हा सोसायटीच्या सचिवांनी मोठ्या आपुलकीने टाकीचे झाकण उघडून दाखवले. तळाचे भोक त्यांनी सिमेंटने बुजवले होते. मंजूर नकाशात ती साठवणुकीची टाकी होती, आणि ती गळत होती.